झोळीतला मुक्काम आणि अरण्यातला गारठा

उष्ण कटिबंधातील अरण्य म्हटले, की दमट उकाडा, घामाने भिजलेले कपडे आणि डासांचे थवे एवढेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. अशा अरण्यात रात्र काढायची तर दोन झाडांना झोळी बांधावी, वर पावसापुरते कापड ताणावे आणि निवांत झोपावे. पांघरुणाचे ओझे कशाला वाहायचे, असा सर्वसाधारण समज असतो. हा समज बहुधा पहिल्याच रात्री, पहाटे तीन-चारच्या सुमारास मोडतो. जाग येते ती पाठीला आणि कमरेला झोंबणाऱ्या गारठ्याने. अंगावर चादर ओढून घेतली तरी तो हटत नाही, कारण तो वरून येतच नाही. झोळीत झोपलेल्या माणसाला थंडी खालून वाजते. एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली, की मुक्कामाची बाकीची तयारी तिच्याच अनुषंगाने ठरत जाते.

पाचशे वर्षांपूर्वीची नोंद

झोळीला इंग्रजीत रूढ असलेला ‘हॅमॉक’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील टाइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे आला. १४९२ मध्ये कोलंबस बहामा बेटांवर उतरला, तेव्हा तेथील घरांत कापसाच्या जाळ्यासारखी अंथरुणे त्याच्या पाहण्यात आली आणि त्याने ती रोजनिशीत नोंदवून ठेवली. ओलसर जमीन, मुंग्या, विंचू आणि साप यांपासून झोपणाऱ्याला वर उचलून धरणारे हे अंथरूण पुढे युरोपीय जहाजांवरील खलाशांनीही आपलेसे केले.

मात्र झोळी आणि थंडी यांचा संबंध सांगणारी नोंद त्यानंतर आठ वर्षांनी झाली. १५०० मध्ये पेद्रो आल्वारिश काब्राल याचा पोर्तुगीज काफिला हिंदुस्थानकडे येत असताना वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याला, आजच्या पोर्तो सेगुरोच्या परिसरात, लागला. काफिल्यातील लेखनिक पेरु वाझ द कामिन्या याने १ मे १५०० रोजी आपल्या राजाला सविस्तर पत्र लिहिले. खलाशांनी पाहिलेल्या स्थानिक वस्तीचे वर्णन त्यात आहे. लांबलचक घरे, आत अनेक खांब, दर दोन खांबांच्या मध्ये उंचावर बांधलेली झोळी आणि ऊब मिळावी म्हणून झोळीखाली पेटवलेला विस्तव, असे ते वर्णन. हा प्रदेश दक्षिण अक्षांश १६ च्या आसपासचा. विषुववृत्ताच्या उत्तरेला कोल्हापूर जेवढ्या अंतरावर आहे, जवळजवळ तेवढ्याच अंतरावर दक्षिणेला. ऋतूही ऐन हिवाळ्याचा नव्हता. तेथे तेव्हा शरद ऋतू चालू होता. तरीही तेथील लोक झोळीखाली विस्तव ठेवत होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कालिकतच्या पोर्तुगीज वखारीवर झालेल्या हल्ल्यात कामिन्या मारला गेला, असे मानले जाते. त्याचे पत्र दप्तरात पडून राहिले आणि १८१७ मध्ये प्रथम छापले गेले.

ही पद्धत आजही संपलेली नाही. ब्राझील आणि व्हेनेझुएला यांच्या सीमेवरील अरण्यात राहणारे यानोमामी लोक मोठ्या वर्तुळाकार सामुदायिक घरात राहतात. तेथे प्रत्येक कुटुंबाची स्वतंत्र चूल असते आणि तिच्या भोवतीने त्या कुटुंबाच्या झोळ्या टांगलेल्या असतात. अरण्यात जन्मलेल्या माणसालाही रात्रीच्या उबेची तजवीज करावी लागते, हे शहरातून जाणाऱ्याने आधी समजून घ्यावे.

थंडी येते कोठून?

विश्रांती घेत असलेले मानवी शरीर साधारण ८० ते १०० वॅट, म्हणजे घरातल्या जुन्या पद्धतीच्या एका दिव्याएवढी उष्णता निर्माण करते. झोपेत ती आणखी घटते. उघड्या अंगाने स्वस्थ पडलेल्या माणसाला ना थंडी ना उकाडा असे वाटण्यासाठी भोवतालच्या हवेचे तापमान २८ ते ३० अंश सेल्सिअस असावे लागते. त्याहून हवा थंड असेल, तर शरीरातून जाणारी उष्णता निर्माण होणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त होऊ लागते. अरण्यात पहाटेचे तापमान २१-२२ अंशांवर येणे ही नित्याची बाब आहे. दिवसभर चालणाऱ्याला हे तापमान सुखद वाटते, कारण त्याचे स्नायू काम करीत असतात. तोच माणूस रात्री निश्चल पडला, की तेच तापमान त्याला गारठवते.

समुद्रसपाटीपासूनची उंची वाढत जाते, तसे तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या अरण्यात २३ अंशांची रात्र असेल, तर दीड हजार मीटर उंचीच्या डोंगरी अरण्यात ती १३ अंशांच्या घरात जाते. शिवाय थंड हवा जड असल्याने रात्री उतारावरून घरंगळत ओढ्याच्या तळाशी साचते. पाणी जवळ म्हणून ओढ्याकाठी बांधलेली झोळी ही बहुतेक वेळा सर्वांत गार जागी बांधलेली झोळी असते.

ॲमेझॉनच्या पश्चिम भागात याखेरीज एक वेगळेच संकट येते. मे ते सप्टेंबर या काळात दक्षिणेकडील थंड हवेचे लोट अँडीज पर्वताच्या पूर्व बाजूने उत्तरेकडे सरकतात आणि थेट विषुववृत्तीय अरण्यात शिरतात. ब्राझीलमध्ये त्याला ‘फ्रियाजें’, तर पेरूमध्ये ‘फ्रियाहे’ म्हणतात. आदल्या दिवशी तिशीपार असलेले तापमान या लोटाबरोबर पंधरा अंशांच्याही खाली जाऊ शकते. ढगाळ आभाळ, बोचरा वारा आणि हा गारठा काही दिवस टिकतो. ब्राझीलमधील आक्रे व रोन्दोनिया ही राज्ये आणि पेरूमधील माद्रे दे दिओस हा प्रांत यांना त्याचा विशेष उपद्रव होतो. वर्षभराच्या सरासरी तापमानाचे आकडे पाहून सामान बांधणाऱ्याला ही थंडी तेथे गाठते.

रात्रीचा सर्वांत गार प्रहर कोणता, याचे उत्तर पहाटेचा, असे आहे. बोलिव्हियातील त्सिमाने, टांझानियातील हाद्झा आणि दक्षिण आफ्रिका खंडातील सान या तीन समाजांच्या झोपेचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विजेच्या दिव्यांशिवाय जगणारी ही माणसे तापमान उतरत असतानाच्या काळात झोपतात आणि तापमान नीचांकाला पोहोचते त्या सुमारास जागी होतात, असे त्यात आढळले. झोळीत शिरताना उकडते, म्हणून पांघरूण पिशवीच्या तळाशी ठेवून देणारा माणूस याच नीचांकापाशी फसतो.

झोळीतच गारठा अधिक का?

जमिनीवर झोपणाऱ्याच्या अंगाखालची माती काही वेळाने थोडीफार तापते. झोळीच्या खाली मात्र मोकळी हवा असते आणि ती सतत बदलत राहते. शरीराने तापवलेली हवा वारा घेऊन जातो व तिच्या जागी थंड हवा येते. मंद झुळूकही यास पुरेशी होते.

चांगल्या प्रतीची, भरपूर फुगलेली झोपण्याची पिशवी, म्हणजे स्लीपिंग बॅग, सोबत असली तरी प्रश्न सुटत नाही. पांघरुणाची ऊब त्याच्या कापडात नसते. धाग्यांच्या किंवा पिसांच्या मध्ये अडकलेल्या स्थिर हवेत असते. झोळीत अंगाच्या भाराने पिशवीचा खालचा भाग दाबला जातो, त्यातील हवा निघून जाते आणि पाठीखाली केवळ कापडाचे दोन-तीन पदर उरतात. छाती व पोट उबेत आणि पाठ व नितंब गारठलेले, अशी चमत्कारिक अवस्था होते. यावर आणखी एक पांघरूण वरून घेण्याने काहीही साधत नाही.

खालचे पांघरूण

यावर प्रामुख्याने तीन उपाय आहेत. पहिला व सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे फोमची चटई. बंद छिद्रांचा फोम अंगाच्या भाराने फारसा दबत नाही आणि भिजला तरी पाणी शोषून घेत नाही. साधारण एक सेंटिमीटर जाडीची चटई १५ अंशांपर्यंतच्या रात्रीला बहुधा पुरते. तिचे दोन दोष आहेत. एक, ती रात्रीतून सरकते. दुसरा, अर्ध्या मीटर रुंदीच्या चटईबाहेर खांदे उघडे राहतात. दुहेरी कापडाची झोळी घेऊन दोन पदरांच्या मध्ये चटई सरकवली, तर पहिला दोष जातो. खांद्यांपाशी चटईचा आडवा तुकडा जोडला, की दुसराही जातो.

दुसरा उपाय म्हणजे झोळीच्या बाहेरून, खालच्या बाजूला टांगलेली दुलई. ती झोळीच्या बाहेर असल्याने अंगाखाली दाबली जात नाही व तिच्यातील हवा टिकून राहते. ती झोळीच्या तळाला अलगद टेकलेली असावी. सैल राहिली तर मधल्या पोकळीतून वारा खेळतो आणि दुलईचा उपयोग शून्य होतो. फार आवळली तर ती चपटी होते. तिची दोन्ही टोके नीट बंद झाली आहेत ना, हे निजण्यापूर्वी हात फिरवून तपासावे.

तिसरा उपाय जुजबी, पण अडचणीच्या वेळी कामी येणारा. रिकामी पाठपिशवी, सुके कपडे, कोरडी पाने भरलेली गोणी असे जे हाताशी असेल ते पाठीखाली व कमरेखाली पसरावे. वाऱ्याच्या दिशेने वरचे कापड खाली उतरवून आडोसा केला तरी बराच फरक पडतो.

दमट अरण्यासाठी दुलई कशाने भरलेली असावी, यालाही महत्त्व आहे. बदकाची किंवा हंसाची पिसे वजनाला हलकी व कोरड्या थंडीत उत्तम. पण ओल लागली की ती गोळा होतात आणि त्यांची ऊब जाते. पॉलिएस्टरचे कृत्रिम धागे थोडे जड असले, तरी भिजल्यावरही बऱ्यापैकी ऊब धरतात आणि लवकर वाळतात. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैनिकांना नायलॉनच्या दोन पदरांत पॉलिएस्टर भरलेले पातळ, हलके पांघरूण देण्यात आले, ते याच कारणाने.

ओल हा खरा शत्रू

पाणी स्थिर हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. ओल्या कपड्यांतील पाणी वाफ होऊन उडतानाही शरीराचीच उष्णता घेते. अरण्यातील हवेत बाष्प इतके असते, की घामाने किंवा पावसाने भिजलेले कपडे रात्रभर टांगून ठेवले तरी वाळत नाहीत. म्हणून अरण्यात वावरणारे अनुभवी लोक कपड्यांचे दोनच जोड बाळगतात, एक ओला आणि एक सुका. सुका जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बंद असतो व तो केवळ झोळीत शिरताना अंगावर चढतो. सकाळी तो पुन्हा पिशवीत जातो आणि माणूस आदल्या दिवसाचे ओले, गार कपडे पुन्हा अंगावर चढवतो. ब्रुनेईच्या अरण्यात ब्रिटिश सैनिकांना जे प्रशिक्षण दिले जाते, त्यातही हा नियम काटेकोरपणे पाळावयास लावतात. सकाळी पाच मिनिटे नको वाटणारा हा नियम मोडला, तर त्या रात्री अंगावर घालायला कोरडे काहीच उरत नाही.

सुक्या जोडात सुती कपडे नसावेत. सुती कापड पाणी धरून ठेवते. लोकरीचा पातळ सदरा, पायमोजे आणि कानटोपी हे वजनाला थोडे व उपयोगाला मोठे. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही.

झोळी बांधण्याची रीत

वरचे कापड किमान तीन मीटर लांबीचे असावे आणि झोळीच्या आधी बांधावे, म्हणजे पाऊस आला तरी सामान कोरडे राहते. पावसाचे पाणी झाडाच्या खोडावरून दोरीवर आणि दोरीवरून थेट झोळीत उतरते. ते अडवण्यासाठी झोळीच्या दोन्ही टोकांजवळ दोरीला सुतळीचा छोटा तुकडा लोंबता बांधावा. पाणी त्या तुकड्यावरून खाली ठिबकते आणि आत येत नाही.

झाडे चार ते पाच मीटर अंतरावरची, जिवंत व मांडीपेक्षा जाड खोडाची निवडावीत. वर सुकलेली फांदी लटकत नाही ना, हे मान वर करून पाहावे. अरण्यात रात्री पडणाऱ्या फांद्या हा श्वापदांपेक्षा अधिक खरा धोका आहे. खोडाला दोरीऐवजी रुंद पट्टा बांधावा, म्हणजे साल कापली जात नाही. पट्टा आडव्या रेषेशी सुमारे ३० अंशांचा कोन करील, एवढी झोळी सैल सोडावी. या कोनात ७० किलो वजनाच्या माणसामुळे प्रत्येक टोकावर ७० किलोचाच ताण येतो. झोळी ताठ ओढून कोन दहा अंशांवर आणला, तर तोच ताण २०० किलोपर्यंत जातो. सैल झोळीत किंचित तिरपे झोपले, की पाठ सपाट राहते आणि खालची दुलईही सर्व अंगाला सारखी टेकते. झोळीचा तळ खुर्चीच्या उंचीहून वर नसावा. पट्टा सुटलाच तर पडण्याची उंची थोडी असते.

जागा ओढ्याच्या तळाशीही नको आणि वाऱ्याच्या तोंडावरील माथ्यावरही नको. उताराच्या मध्यावरील सपाट भाग उत्तम. वरच्या भागात झालेल्या पावसाने अरण्यातील नद्या रात्रीत काही मीटर चढतात, हेही ओढ्याकाठ टाळण्याचे एक कारण आहे. मच्छरदाणी तर अनिवार्यच. डास झोळीच्या एकेरी पातळ कापडातूनही पाठीला चावतात. चटई किंवा खालची दुलई येथे दुहेरी कामाला येते.

शेकोटीचा मोह

कामिन्याने वर्णिलेला झोळीखालचा विस्तव आज कोणी अनुकरणासाठी घेऊ नये. ती घरे उंच होती, झोळी झाडापासून निघणाऱ्या धाग्यांची होती आणि विस्तव सांभाळणारी माणसे पिढ्यानपिढ्या तेच करीत आलेली होती. आजची झोळी नायलॉनची असते. एका ठिणगीने तिला भोक पडते आणि पेट घेतलेले नायलॉन वितळून कातडीला चिकटते. चारही बाजूंनी खाली ओढलेल्या कापडाखाली शेगडी किंवा स्टोव्ह पेटता ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचून झोपेतच प्राण जाऊ शकतो. ऊब हवीच असेल तर पाण्याच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत कढत पाणी भरून, ती पायमोज्यात घालून मांड्यांमध्ये ठेवावी. निजण्यापूर्वी तूप, शेंगदाणे, गूळ असे काही खावे आणि लघवीला जाऊन यावे. मद्याने ऊब येते हा भ्रम आहे. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे वरवर गरम वाटते. प्रत्यक्षात शरीराच्या आतील उष्णता अधिक वेगाने बाहेर पडते.

गारठा अंगात शिरला तर

शरीराच्या आतील तापमान ३५ अंशांच्या खाली गेले, की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फ पडावे लागत नाही. ओले कपडे, वारा, थकवा आणि उपाशी पोट एकत्र आले, तर दहा-पंधरा अंशांतही हे घडते. सुरुवातीला जोराची हुडहुडी भरते, बोटे वळत नाहीत. पुढे जीभ अडखळते, चाल लटपटते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. हुडहुडी थांबली आणि तरीही माणूस गुंगीत असेल, तर तो बरा होत नसून त्याची अवस्था बिकट झाली आहे, असे समजावे.

अशा वेळी ओले कपडे उतरवून अंग कोरडे करावे, सुके कपडे घालावेत, पाठीखाली जाड अंथरूण द्यावे, डोके झाकावे आणि वाऱ्यापासून आडोसा करावा. शुद्धीवर असून गिळता येत असेल तर गरम गोड पेय द्यावे. हातपाय चोळू नयेत, चालवू नये, मद्य देऊ नये. शुद्ध हरपत असेल तर विनाविलंब वैद्यकीय मदत मिळवावी. एकट्याने केलेल्या मुक्कामात पहिली लक्षणे ओळखणारेच कोणी जवळ नसते. म्हणून अरण्यात सोबत असावी, या जुन्या सांगण्याला अर्थ आहे.

सह्याद्रीतील मुक्काम

हे सर्व दूरच्या ॲमेझॉनपुरते नाही. सह्याद्रीची सदाहरित राने उष्ण कटिबंधातच मोडतात. पावसाळ्यात घाटमाथ्यावर तापमान विशीच्या आसपास असते. पण दिवसभर भिजलेल्या आणि माथ्यावरचा वारा खाल्लेल्या माणसाला ते पुरेसे गार असते. हिवाळ्यात दऱ्यांतून ते आणखी बरेच उतरते. मुंबई-पुण्याहून जाणाऱ्यांनी मुक्कामापूर्वी वनखात्याच्या परवानगीची चौकशी अवश्य करावी. अभयारण्यात परवानगीविना प्रवेश करता येत नाही आणि तेथे धोकादायक रीतीने विस्तव पेटवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे.

याच डोंगरांत मेंढ्यांमागे फिरणारे धनगर पावसात डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतात आणि रात्री तीच घोंगडी अंगाखाली अंथरतात. दख्खनी मेंढीच्या लोकरीची ही जाड घोंगडी ओली झाली तरी ऊब सोडत नाही. आणि जुन्या लुगड्याच्या झोळीत तान्ह्या बाळाला निजवताना घरातली आजी वरचे पांघरूण घालण्याआधी खाली दुपट्याची घडी ठेवते. अरण्यात जाणाऱ्याने पिशवी भरतानाही क्रम तोच ठेवावा : आधी अंगाखालचे अंथरूण, मग कोरड्या कपड्यांचा जोड आणि शेवटी, जागा उरलीच तर, अंगावरचे पांघरूण.